धुरपताबाईचा वारा

"वारा का तुमच्या बापाचा आहे, बाई?"

"माह्या बापाचा नाही, भाऊ. पण वड्या माह्या आहेत, अन् वारा त्यायच्यावरूनच जाते."

"मिल माह्या जागेत होऊन राहिली. तुमच्या आंगणात नाही."

"जागा तुमची. कोंडा कोणाच्या घरी जाईल मंग?"

गुलाबचंदभाऊंनी धोतराचा सोगा झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. धुरपताबाईच्या बोटांनी मात्र काम थांबवलं नव्हतं. कोहळा घातलेलं उडदाचं वाटण, चिमटीभर उचलायचं, बाजेवरच्या फडक्यावर सोडायचं. पांढऱ्या वड्यांच्या रांगा सरळ रेषेत पुढं सरकत होत्या. तिच्याशी भांडायला येणाऱ्याला आधी त्या बोटांशी भांडावं लागे, आणि बहुतेक जण तिथंच हरत.

सदतीस सालचा पौष. गोंदियाच्या स्टेशनामागचा मोहल्ला. धुरपताबाई सोळाव्या वर्षी केशोरीहून इथं नांदायला आली. नवरा पुनाराम रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचा. तो गेला तेव्हा तिच्या पदरात एक लेक होती आणि दारापुढं मोकळं, उन्हाचं आंगण. त्या आंगणावर तिनं कोहळ्याच्या वड्या घातल्या, विकल्या, लेक अर्जुनी गावात दिली. स्टेशनमास्तरापासून मारवाडी गल्लीपर्यंत तिच्या वड्या जात. वडी पांढरीशुभ्र हवी, तिच्यावर एक कण दिसला तर गिऱ्हाईक हातही लावत नाही. आणि आता आंगणाच्या उत्तरेला लागून असलेल्या जागेत गुलाबचंदभाऊ तेलाच्या इंजिनाची धानगिरणी बसवणार होते.

गुलाबचंदभाऊ वाईट माणूस नव्हते. बिरसीकडच्या शेतकरी घरातले, दहा वर्षांपूर्वी धानाच्या आडतीला शहरात आले आणि इथलेच झाले. दरवर्षी चार शेर वड्या ते हिच्याकडूनच नेत. जागा त्यांनी निवडली ती मालधक्का जवळ, सडक दाराशी, बैलगाड्या सरळ आत, एवढं बघून. खिशात म्युनिसिपल कमेटीचा परवान्याचा कागदही होता. भादव्यात कमेटीचे तीन मेंबर छत्र्या घेऊन येऊन जागा बघून गेले होते. मूठभर कोंडा हवेत सोडून पाहिला होता, तो वस्तीकडं न येता पलीकडच्या शेतात गेला. म्हणून कागदावर लिहिलं होतं, वस्तीस उपद्रव नाही. कोणाची हरकत असेल तर पौष संपायच्या आत द्यावी.

धुरपताबाईनं दिली. अंगठा उठवला. कारकून म्हणाला, जागेचा मोका तर पाहून झाला, कोंडा काही उडत नाही. तेव्हा बाईनं त्याला विचारलं,

"मिल भादव्यात चालते का, बाबू? भादव्यात तं धान शेतात, बांधीत उभा राह्यते. मिल चालन पौषात, अन् पौषात वारा वरून, उत्तरेकडून येते. तुमी वारा कोन्त्या महिन्याचा पाह्यला?"

कारकुनानं कागदावरची तारीख पाहिली. पलीकडच्या खुर्चीत कमेटीचे मेंबर शालीकरामजी बसले होते. त्यांनी दौतीत बुडवलेला टाक तसाच ठेवला आणि गुरुवारी पुन्हा मोका पाहू म्हणाले.

मोहल्ल्यात सगळेच तिच्या बाजूनं होते असं नाही. शेजारची शकुंतलाबाई चार दिवस तिच्याशी बोलत नव्हती. गिरणी आली की तांदूळ पाखडायला तीस बायका लागणार होत्या आणि त्यातली एक शकुंतलाबाई असणार होती. बुधवारी तिनं कुंपणावरूनच तोंड उघडलं.

"तुह्या वड्यायसाठी आमचा रोज कायले बुडवतं व?"

"मिल नको असं मी कधी म्हटलं? एक सोडून दोन मिला आण व. मिल कुकडे बसवाची, एवढंच सांगून राहिली मी."

गुरुवारी शालीकरामजी आले. धुरपताबाईनं धुतलेली चादर घालून बाज मांडली, चहा दिला, तळलेल्या वड्या दिल्या. गुलाबचंदभाऊही बसले, वडी त्यांनीही घेतली. मग बाईनं पदर खोचला, न उडवलेल्या धानाची टोपली आणि सूप घेतलं आणि कुंपण ओलांडून भाऊंच्या जागेत गेली. तिथं पाट ठेवला, त्यावर उभी राहिली आणि सूप डोक्याच्या वर धरलं.

धान तिच्या पायाशी पडलं. कोंडा, पोचट दाणे, पेंढ्याचा चुरा मात्र वाऱ्यानं अलगद उचलला आणि सगळा लवाजमा कुंपणावरून आत आला. शालीकरामजींच्या काळ्या टोपीवर उतरला, चहात तरंगला, गुलाबचंदभाऊंच्या मिशीत रुतला. एका बाजेवरच्या ओल्या वड्या तिनं मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. त्यांना दाढी फुटल्यासारखं झालं. शकुंतलाबाई सगळ्यात आधी हसली.

"हे एक सूप," पाटावरूनच धुरपताबाई म्हणाली. "तुमचं इंजिन दिवसभर चालन."

शालीकरामजींनी चहातला कोंडा बोटानं काढला, चहा पिऊनच टाकला आणि मग सावकाश बोलले. गिरणी शहराला हवी, बायकांना कामही हवं, ते कमेटी नाकारणार नाही. या जागेत दुकान घाला, गोदाम घाला, परवाना आहेच. इंजिन मात्र रेल्वे फाटकापलीकडं, वस्तीच्या दक्षिणेला बसवा. तिथं कमेटीची गवताची जमीन आहे, भाड्यानं देऊ.

गुलाबचंदभाऊ उसळले. फाटक तासतास बंद असतं, गाड्या खोळंबतील, बैल उभे राहतील. शहरात धंदा करायचा तर मालधक्क्याजवळच करावा लागतो, वाऱ्याकडं बघून कोणी धंदा करत नाही.

धुरपताबाई पाटावरून उतरली. केशोरीला तिचा बाप बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि तलाव बांधणाऱ्यांतला, तलावाच्या पाळीवर बसायच्या आधी चिमूटभर माती सोडून वारा बघणारा. सूप काखेत मारून ती भाऊंच्या समोर येऊन उभी राहिली. या वेळी आवाजात भांडण नव्हतं.

"भाऊ, एक सांगा. गावी तुमच्या बापानं खळा घराच्या कोन्त्या अंगाले घातला होता?"

 शालीकरामजी त्यांच्याकडं बघत होते, शकुंतलाबाई कुंपणावर हनुवटी टेकून बघत होती. भाऊंनी मिशीतलं एक टरफल काढलं, निरखून पाहिलं. मग खाली वाकून मूठभर कोंडा उचलला, चपला पायात सरकवल्या आणि आंगणाबाहेर पडले. घराकडं वळले नाहीत. फाटकाच्या दिशेनं चालत होते, आणि दर दहा पावलांवर मूठ थोडी सैल करून कोंडा कुठं जातो ते बघत होते.