फॉलवाल्या काकूंची मंजुळा

फॉलवाल्या काकू साड्यांशी बोलतात, असं आमच्या अंबरनाथच्या इमारतीत सगळ्यांचं ठाम मत होतं. उल्हासनगरच्या दुकानांतून फॉल लावायला आलेल्या साड्या मांडीवर पसरून त्या दुपारभर पुटपुटत बसायच्या. खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती. साडीच्या घडीत मोबाइल असे. काकू सांगत आणि तो मराठीत लिहून घेई. मोबाइलच्या चुका सुधारून ते इंटरनेटवर टाकायचं काम माझं. मी शेजारीण, आणि माझ्या पोटात गोष्ट राहते अशी त्यांची समजूत.

काकू लहानपणीचं सांगायच्या. बारवी नदीचं पाणी, खाचरातले खेकडे, रानात हरवून आपली आपण परतलेली म्हैस. मधूनच सासूबाईंची एखादी खोडी. ऐकता ऐकता समोरची गॅलरी, वाळत घातलेले कपडे सगळं पुसट होई आणि पाणी तेवढं दिसत राही. मला भानावर आणायची ती कुकरची शिट्टी.

लेखाखाली नाव असे 'मंजुळा'. इतकं सुरेख सांगता, तर खाली आपलं वैशाली हे नाव घाला की, असं मी एकदा म्हटलं. काकूंनी दातांनी दोरा तोडला.

"माझा नाव घातला तर लोक मला वाचतील गो. आता लिवलेला वाचतात."

यातली गंमत अशी, की मंजुळेचा सगळ्यात मोठा भक्त घरातच होता. कारखान्यातून निवृत्त झालेले काका संध्याकाळी चहा पिता पिता तिचा लेख मोठ्याने वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, ही बाई लिहिते झकास. काकू मान वर न करता म्हणायच्या, असेल.

एकदा त्या मला बदलापूरजवळ चामटोलीला, माहेरच्या पूजेला घेऊन गेल्या. ओटीवरच्या म्हाताऱ्या आत्याने हाक मारली, "मंजुळे, आलीस का गो?" मी चाटच पडले. परतताना काकूंनी सांगितलं. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वैशाली' लिहिलं. त्या दिवसापासून सासरी मंजुळा कुणी म्हटलं नाही.

"तीन वर्सं वाचतान," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "त्यांनी तरी वळखायला पायजे होता."

मला काकांचा भयंकर राग आला. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

गेल्या वर्षी काकांनी चामटोलीत दोन खोल्या बांधल्या आणि दोघं तिकडे राहायला गेली. वास्तुशांतीला मी गेले, तर दारावरच्या पाटीवर कोरलेलं होतं, 'मंजुळा'. मी काकांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "पयल्या लेखालाच वळखली होती. नाव मीच बदलला ना, इसरीन कसा? पन बोललो असतो तर तिनं लिवायचा सोडला असता."

काकू मागेच उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. त्यांनी पुढे येऊन पदराने पाटी पुसली, पाटी तर नवी कोरी होती. मला रडू आवरेना.

आता साड्या नाहीत. काकू ओटीवर बसून मोबाइलशी बोलतात आणि मी इथून चुका सुधारते. खाली नाव अजून मंजुळाच, नुसतं. परवा गेले होते तेव्हा काकांनी चहा पिता पिता लेख वाचला आणि म्हणाले, ही बाई लिहिते झकास.

काकू म्हणाल्या, असेल.