राजीनामा होगे हे

विधानसभेत प्रतिवेदकाला एका वेळी पाच मिनिटं मिळतात. अध्यक्षांच्या आसनासमोर, सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं. तिथे बसून जे कानावर पडेल ते लघुलिपीत उतरवायचं. पाच मिनिटं झाली की शेजारी येऊन टेकलेला दुसरा प्रतिवेदक लिहू लागतो आणि आपण वही घेऊन मागच्या खोलीत जायचं. तिथे वहीतलं वाचून टायपिस्टला सांगायचं. त्यामुळे कित्येक भांडणांची सुरुवात मी स्वतः ऐकली आणि शेवट दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला.

राज्य नवं होतं. पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. मी रुजू झाले तोवर सभागृह शहराबाहेर, शेतांच्या मधल्या एका इमारतीत बसलं होतं. कपाटं, फायली आणि माणसं भोपाळहून वाटून आलेली. आमचे मुख्य प्रतिवेदकही वाटणीतच आलेले. भोपाळचं घर सुटल्याचं दुःख ते रोज डब्याबरोबर उघडायचे. कामात मात्र चोख होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "शब्द सदस्य का, व्याकरण हमारा. इससे ज़्यादा दिमाग मत लगाना."

मी नागपूरची. तिथल्या एका सरकारी कचेरीत कायम लघुलेखक होते. नवऱ्याची रेल्वेत रायपूरला बदली झाली, त्याच सुमारास इथली जाहिरात निघाली. परीक्षा दिली, पास झाले आणि नागपूरला राजीनामा लिहून आले. इथे दोन वर्षं परिवीक्षा, म्हणजे काम पाहून मग कायम करणार. ही गोष्ट घडली तेव्हा त्या दोन वर्षांतले पंधरा दिवस उरले होते. माझी फाईल वर गेलेली होती. नागपूरची खुर्ची केव्हाच भरली होती, तिकडे परत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

कामातली खरी अडचण हिंदीची नव्हती, छत्तीसगढीची होती. सदस्य चिडले की छत्तीसगढीत बोलायचे, आणि ते सारखे चिडायचे. त्यांचं बोलणं आम्ही हिंदीत करून लिहायचो. मला अडलेला शब्द मी आमच्या टायपिस्ट दीदीला विचारायची. ती इथलीच, धमतरीकडच्या गावातली, हंगामी नोकरीत होती. अधिवेशन असलं की बोलावणं, संपलं की घरी. 'मन' लावलं की अनेकवचन, 'अउ' म्हणजे आणि, हे सगळं तिनेच मला शिकवलं. मी विचारायची आणि ती टाईप करता करता मान वर न करता सांगायची, "हव, लिख लो."

त्या दिवशी प्रश्नकाळात माझी पाळी होती. एका गावात सरपंच आणि पंचांचं तलावावरून महिनोन्महिने भांडण चाललं होतं, पंचायतीचं काम ठप्प होतं. विरोधी पक्षाच्या एका सदस्याने विचारलं, सरकार काय करतंय? मंत्री उठले. पहिलं वाक्य हिंदीत बोलले, मग समोरून कोणीतरी टोमणा मारला आणि ते छत्तीसगढीवर आले. "सरपंच अउ पंच मन के राजीनामा होगे हे!" पुढचं काही ऐकू आलं नाही. दोन्हीकडची माणसं उभी राहून ओरडत होती. मी ऐकू आलं तेवढं लिहिलं, वेळ झाली, उठले.

मागच्या खोलीत दीदीला वाचून सांगितलं, "सरपंच और पंचों ने त्यागपत्र दे दिया है." या वाक्यात मला काहीही अडलं नाही. सगळ्या गोंधळात 'राजीनामा' हा एकच शब्द मला माझ्या घरचा वाटला होता, म्हणून त्याच्याविषयी विचारावं असं मनातही आलं नाही. वाक्य असंशोधित प्रतीत गेलं. संध्याकाळी ती प्रत सदस्यांकडे पोचली.

आम्ही रायपूरच्या बूढ़ापारा वस्तीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालक कोर्टाबाहेर अर्ज लिहिणारे. सकाळी ओट्यावरच त्यांचं दुकान सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी मी बस गाठायला निघाले, तेव्हा त्यांच्यासमोर दोन भाऊ तोंडं फिरवून बसले होते.

घरमालक त्यांना समजावत होते, "राजीनामा लिख दो, केस खतम."

मी चप्पल घालता घालता गमतीने म्हटलं, "अंकल, ये लोग कौन-सी नौकरी छोड़ रहे हैं?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नौकरी? राजीनामा मतलब सुलह, बिटिया. दोनों राज़ी हो गए, इसलिए राजीनामा. तुम लोग विधानसभा में करते क्या हो?"

माझा एक पाय चपलेत होता आणि दुसरा बाहेर. कालचं वाक्य डोक्यात पुन्हा ऐकू आलं. मंत्र्यांनी सांगितलं होतं की भांडण मिटलं. मी लिहून दिलं होतं की अख्ख्या पंचायतीने पद सोडलं.

मी परत आत गेले. नवरा दाढी करत होता.

"काहून परत आली?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"कोनाले सांगितलं?"

"अजून नाही."

"मंग सांगू नको. तुले कोन विचारून राहिलं? पंधरा दिवस राहिले तुह्ये. ते मंत्री पाहून घेतील, त्याइच्या तोंडातलं हाय."

"त्यांच्या तोंडातलं नाहीये, तोच तर घोळ आहे."

"पण तुह्या वहीत काय हाय हे कोनी पाह्यते का?"

बस आमच्या वस्तीतल्या तलावाजवळून सुटायची. पाऊण तासाच्या त्या प्रवासात मी स्वतःला समजावलं की सदस्य स्वतःच्या भाषणाखेरीज काही वाचत नाहीत. बहुतेक दिवशी ते खरंही असायचं.

मुख्य प्रतिवेदक माझ्याआधी येऊन बसलेले दिसले, तेव्हाच मी समजले. एरवी ते दहानंतर यायचे. त्यांच्या हातात एक कागद होता.

"विशेषाधिकार हनन की सूचना," ते म्हणाले, म्हणजे मंत्र्यांवर हक्कभंग. "मंत्रीजी ने सदन को गुमराह किया. कार्यवाही में लिखा है पूरी पंचायत ने त्यागपत्र दिया, और पंचायत वहाँ बैठी हुई है. मंत्रीजी कहते हैं मैंने ये बोला ही नहीं. टेप मैंने सुन लिया. उस जगह पर सिर्फ़ हल्ला है." त्यांनी कागदाची घडी केली. "अब तुम्हारी कॉपी है, बस. साढ़े दस बजे अध्यक्षजी के कक्ष में पढ़नी है."

हीच वेळ होती सांगायची. मी तोंड उघडलंही.

"तुम्हारी फाइल कल मैंने ऊपर भेजी है," ते पुढे म्हणाले. "अच्छा लिखा है. अब नाक मत कटवाना."

मी "जी सर" म्हटलं आणि कपाटाकडे गेले.

वह्या दिवस संपल्यावर कपाटात जमा व्हायच्या आणि सही करून परत मिळायच्या. मी सही केली, वही घेतली, पान काढलं. माझ्याच हातची खूण होती, स्वच्छ, वाचायला जराही अवघड नाही. राजीनामा. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दीदी शेजारच्या मशीनवर कव्हर काढत होती. मी तिला हळूच विचारलं, "दीदी, राजीनामा माने?"

"समझौता." ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "हे भगवान. वो कल वाला?"

"हव."

"तो मुझसे पूछा काहे नहीं? दुनिया भर का पूछती हो!"

"ये आता था मुझे."

तिने मागे वळून दार पाहिलं. मग कंपासमधलं रबर माझ्या टेबलावर सरकवलं. "पेंसिल ही तो है."

लघुलिपी पेन्सिलीनेच लिहितात, तिचं काही चुकत नव्हतं. ती खूण पुसून तिथे 'त्यागपत्र'ची खूण काढायला दहा सेकंदही लागले नसते. वही आणि टाईप केलेला कागद जुळले असते. मंत्र्यांची जीभ घसरली असं ठरलं असतं. त्यांनी कितीही नाकारलं तरी टेप मुकी होती.

मी रबर हातात घेतलं. काही वेळ घेऊन बसले. ठेवून दिलं, त्याचं कारण फार थोर नव्हतं. खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात, उजेडात धरलं की दिसतात, आणि अध्यक्ष वकिली केलेले गृहस्थ होते. शिवाय एकदा वही बदलली की पुढच्या प्रत्येक भांडणात ती मलाच आठवणार. तेवढं डोकं लावून मी वही बंद केली.

साडेदहाला कक्षात चार माणसं होती. अध्यक्ष टेबलामागे. डाव्या बाजूला मंत्री, चेहरा लाल. उजव्या बाजूला सूचना देणारे विरोधी सदस्य, पायावर पाय टाकून. दाराशी आमचे मुख्य प्रतिवेदक. मला कोणी बसायला सांगितलं नाही.

"पढ़िए," अध्यक्ष म्हणाले. "जो लिखा है, वही."

मी वाचलं. "सरपंच अउ पंच मन के राजीनामा होगे हे."

मंत्र्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ए दे! इही त कहे रेहेंव मैं!"

विरोधी सदस्य हसले. ते स्वतः बिलासपूरकडचे होते, काल काय बोललं गेलं हे त्यांना ऐकताक्षणी कळलं असणार. पण त्यांना कागद सापडला होता आणि ते तो सोडणार नव्हते. "सुना तो मैंने भी था, महाराज. पर सदन का रिकार्ड तो कागज़ है. कागज़ में त्यागपत्र किसके घर से आया?"

मग दारातून मुख्य प्रतिवेदक म्हणाले, "सर, टंकण की त्रुटि है. टायपिस्ट अस्थायी है. आज ही हटा देते हैं."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं, हे मला समजलं. आपल्या विभागाची चूक सर्वांत स्वस्त माणसावर ढकलून त्यांनी माझी फाईल वाचवली होती. मला फक्त गप्प राहायचं होतं. अध्यक्षांनी पेन उचललं, काहीतरी लिहायला सुरुवात केली.

"सर, टंकण की गलती नहीं है," मी म्हटलं. "उसने वही टाइप किया जो मैंने बोला."

पेन थांबलं. "आपने 'राजीनामा' पढ़कर 'त्यागपत्र' बोला?"

"जी. हमारी मराठी में राजीनामा मतलब त्यागपत्र ही होता है. मैंने पूछा नहीं."

मुख्य प्रतिवेदकांनी डोळे मिटून घेतले.

विरोधी सदस्यांना मात्र आता खरी मजा यायला लागली. "मतलब महाराष्ट्र में राजीनामा हो जाए तो कुर्सी गई?"

"अउ इहाँ होगे त कुर्सी बाँच गे," मंत्री म्हणाले, आणि दोघंही, काल एकमेकांवर धावून गेलेले, मोठ्याने हसले.

अध्यक्ष हसले नाहीत. "बहनजी, यहाँ कार्यवाही मराठी में नहीं चलती. किसी गाँव की पंचायत आपने एक शब्द में भंग कर दी. समझती हैं?"

"जी."

"परिवीक्षा पर हैं?"

"जी. पंद्रह दिन बचे हैं."

त्यांनी मुख्य प्रतिवेदकांकडे पाहिलं. "फाइल वापस मँगवाइए."

बाहेर आल्यावर मुख्य प्रतिवेदक माझ्यापुढे चार पावलं चालत होते. वळणावर थांबले. "मैंने बचा लिया था तुम्हें."

"दीदी को हटाकर."

"उसको तो सत्र के बाद जाना ही था!" ते खेकसले. मग घड्याळ पाहिलं. "ग्यारह दस पर तुम्हारी पारी है. किसी और को बिठाऊँ?"

"नहीं, मैं बैठूँगी."

अकरा दहाला मी टेबलाशी गेले. प्रश्नकाळ चालू होता. माझी तीन मिनिटं नळपाणी योजनेवर गेली. मग विरोधी सदस्य उठले आणि आपल्या सूचनेचं काय झालं ते विचारू लागले. बाकं ठोकली जाऊ लागली. अध्यक्षांनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की माननीय मंत्र्यांनी समेट झाल्याचं म्हटलं होतं, प्रतिवेदकाकडून शब्दाचा चुकीचा अर्थ लावला गेला, शुद्धिपत्र निघेल, आणि संबंधिताविरुद्ध उचित कारवाई होईल. हे सगळं माझ्या डोक्यावरून, तीन हात अंतरावरून. मी लिहीत होते. 'संबंधित' या शब्दाला लघुलिपीत छोटी खूण आहे. तीही काढली, आणि वेळ संपेपर्यंत मान वर केली नाही.

मागच्या खोलीत दीदीला ते वाचून दाखवलं. 'उचित कारवाई'पर्यंत आल्यावर तिची बोटं थांबली.

"तुम पर?"

"टाइप करो, दीदी. पीछे वाला आता होगा."

स्पष्टीकरण मी एका परिच्छेदात लिहिलं. अधिवेशन संपायच्या दिवशी आदेश आला. परिवीक्षा एका वर्षाने वाढवली होती. त्या वर्षात आणखी एक चूक झाली तर सेवा समाप्त. मी सही करून प्रत घेतली आणि घरी नवऱ्याच्या हातात दिली.

त्याने दोनदा वाचली. "म्या सांगितलं होतं तुले."

"हो, सांगितलं होतंस."

"मंग? आता वर्षभर भीत भीत जानार?"

"जाईन," मी म्हटलं आणि कुकर लावायला उठले. "पण वही कुठे खोडलेली नाही, माझ्याच हातची आहे. आणि दीदीला पुढच्या अधिवेशनाला बोलावल्याचं पत्र आलंय."