मुकं अक्षर

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. माफ करा. मी आंजीच्या शाळेत चौथीपर्यंतच शिकले. ज्यांच्या घरी मी कामाला होते, त्या बाई माझी चूक दिसली की म्हणायच्या, "फ्रेंच लोकं याहून वाईट लिवतात." त्या जाऊन आता महिना झाला. दूधवाल्याने दारातून सांगितलं, "बाई गेल्या वो," आणि तव्यावरची माझी पोळी जळली.

बाईंनी नागपूरच्या कॉलेजात जन्मभर फ्रेंच साहित्य शिकवलं. तिथल्या झाडूवाल्या बायांच्या पगारासाठी मोर्चा काढला, लाठी खाल्ली. डावं मनगट तेव्हापासून वाकडंच राहिलं. निवृत्त होऊन गावी आल्या, तेव्हापासून मी त्यांचा स्वयंपाक करायचे. त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून वाचत बसायच्या. एकदा म्हणाल्या, त्या भाषेत शब्दाच्या शेवटी काही अक्षरं लिहितात, पण बोलत नाहीत.

"मंग लिवतात काऊन, बाई?"

"तू ग्रामसभेत येऊन काऊन बसतं? तसंच." मग हसून म्हणाल्या, "पण कुसुम, पुढच्या शब्दाच्या सुरुवातीले स्वर आला ना, का तेच मुकं अक्षर बोलते. त्याले सोबत लागते."

नाल्यावरच्या दारूच्या अड्ड्याविरुद्ध ठराव करा, असा अर्ज बाईंनीच दिला होता. माझा नवरा तिथूनच पिऊन यायचा आणि मला मारायचा. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, एका तरी बाईने समोर येऊन सांगावं. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ऊठ, मी हावो ना." मी पदर ओढला, मान खाली घातली... मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, फ्रेंचमंदी लिवा ठराव, आमी अंगठा देतो!" सगळे हसले. ठराव राहिला. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या वांग्याची भाजी करजो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवाच्या ग्रामसभेत मी उठले. शेजारी कोणी नव्हतं. अड्ड्यावरून आल्यावर नवरा काय करतो, ते त्याच्यासमोरच सांगितलं. कोणी हसलं नाही. मग मागची एक उठली, तिच्या शेजारची उठली. ठराव झाला. पण ज्यांना ऐकवायचं होतं, त्या बाई तिथे नव्हत्या.

त्यांच्या घराची चावी अजून माझ्याकडेच आहे. घरी जायच्या आधी मी तिथे गेले. दारातल्या खुर्चीसमोर उभी राहिले, आणि सभेत बोलले ते सगळं पुन्हा सांगितलं... पहिल्यापासून, मोठ्याने.