तापीच्या गाळात बुडवलेली बंडी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि त्या बंडीचं धुणं तर तिच्याच हातून झालं. आज तुम्हाला सांगतोय म्हणून मी सुधारलो, असं समजू नका.

इंग्रजी अमदानीत, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या एका पोलीस ठाण्यात मी कारकून होतो. कागद, जप्तीच्या वस्तू, कपाटाच्या किल्ल्या — सगळं माझ्या ताब्यात. लोक मला भला माणूस म्हणत. भला! जो कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, त्याला आपल्याकडे भला म्हणायची रीतच आहे. संताप येतो तो या शब्दाचा.

दित्या भिल पाटलाकडे सालदार होता. खळ्यातला कापूस चोरल्याच्या संशयावरून त्याला धरून आणला. तिसऱ्या दिवशी तो मेला. कसा मेला हे मला ठाऊक होतं — माझं मेज आणि ती खोली यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत होती. कागदावर मात्र लिहिलं गेलं, की पळून जाताना तापीत बुडाला. लिहिलं गेलं म्हणजे? मीच लिहिलं. प्रेत कुजलं होतं असं सांगून जमादारानं ते नदीकाठीच पुरून टाकलं, आईलासुद्धा न दाखवता.

पण सांगायचंय ते याच्या पुढचं.

त्याची आई, रुमाबाई, दर बाजाराच्या दिवशी येऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची. रडत नव्हती, शिव्या देत नव्हती. एकच म्हणणं.

"भाऊ, मन्हा आंडोरनी बंडी दे. मी सायेबले दखाडसू."

लेकाची बंडी तिनं स्वतः शिवलेली. तो बुडाला असेल, तर बंडीत तापीचा काळा गाळ असणार. कितीही झटकला तरी तो शिवणीत राहतोच. नदीकाठच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि बंडी माझ्या कपाटात होती. पाठीवर फाटलेली, रक्तानं कडक झालेली. गाळाचा कणही नव्हता तिच्यात.

मामलेदार चौकशीला येणार असं कळलं. जमादार एवढंच म्हणाला, की तेवढं बंडीचं बघा. नीट ऐका — मला कुणी धमकावलं नाही. मी आपल्या पायांनी घरी गेलो, माझी एक जुनी बंडी काढली, नदीवर नेली आणि दोन्ही हातांनी गाळात चोळली. उन्हात वाळवली. दित्याची बंडी आंघोळीच्या पाण्याखाली चुलीत घातली. आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. केली ना! पोटभर जेवलोसुद्धा.

चौकशीच्या दिवशी रुमाबाईच्या हातात ती बंडी दिली. तिनं हुंगली. उलटी करून पाहिली. काठाशी निळसर डाग होते, धुऊन धुऊन फिके पडलेले. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा जबाब मी लिहून घेत होतो, आणि सवयीनं शाईचा टाक कोटाआडच्या बंडीच्या काठाला पुसत होतो. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा त्या डागांकडे.

"हाई मन्हा आंडोरनी नही," ती म्हणाली. "हाई तुन्ही शे."

मामलेदारांनीही डाग पाहिले. पाहिले, शपथेवर सांगतो. मग माझ्याकडे वळून विचारलं — मयताची बंडी हीच ना? एक ‘नाही’ म्हणायला किती हिंमत लागते हो? मी ‘होय साहेब’ म्हणालो. म्हातारीचं डोकं फिरलंय, असंही वर जोडलं. ते तर कुणी विचारलंही नव्हतं.

चौकशी संपली. बंडी तिला देऊन टाका, असा साहेबांचा हुकूम झाला. तिनं ती नीट घडी घालून माझ्या मेजावर ठेवली आणि निघून गेली. पुढच्या बाजाराला पायरी रिकामी होती.

मी बंडी घरी आणली. एवढा गाळ कुठून लागला म्हणून बायको कुरकुरली आणि तिनं ती धुतली. कापड अजून मजबूत होतं. मी ती फाटेपर्यंत घातली.