एकही झेल नावावर नसलेले रिसीव्हर भावजी

रिसीव्हर भावजी पळायला लागले की आभाळाकडे बघत पळायचे. दोन्ही हात वर, तोंड वर आणि घसा फोडून आरोळी, "माझा! माझा!" वर बघावं तर आभाळात काही नाही. कावळासुद्धा नाही. बॉल मैदानाच्या भलत्याच टोकाला, भलत्याच माणसाच्या हातात. तरी ती आरोळी ऐकून मी दर वेळी मान वर करायचेच. मी कशाला, समोरच्या टीमचे दोन-दोन धटिंगण मान वर करायचे आणि भावजींच्या मागे धावत सुटायचे. जपानमधल्या एका कंपनीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये दंतकथा होऊन बसलेला हा माणूस, आणि त्याच्याकडे बॉल कधी कुणी फेकलाच नाही!

भावजी म्हणजे करंदीकर. माझ्या नवऱ्याचे तोयोसूच्या ऑफिसातले सहकारी, आणि ग्योतोकूला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले. चाळिशी उलटलेली, पोट शर्टाच्या बटणांशी भांडणारं. कंपनीच्या टीममधल्या एकाचा पाय मोडला, तेव्हा त्यांचे साहेब आणि टीमचे कोच कुरोदा-सान भावजींच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "कारान-सान, पळता येतं का?" करंदीकर एवढं लांब नाव तिथे कुणाच्या जिभेवर मावत नव्हतं. आता पुण्याच्या माणसाला एखादी गोष्ट येत नाही असं कधी झालंय का? भावजी म्हणाले, "येतं की!" त्यांची बायको मृणाल हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "अगं, ह्यांना ऑफिसची ट्रेन पळून पकडता येत नाही. हे काय अमेरिकेचा खेळ खेळणार, डोंबल!"

खेळ तसा सोपा आहे, मलासुद्धा कळला. एकजण तो लांबट बॉल लांब फेकतो. रिसीव्हरने पळत जाऊन तो झेलायचा आणि झेलल्यावर छातीशी धरून शेवटच्या रेषेपार पळत सुटायचं, की गुण मिळाले. भावजींनी मात्र पहिल्याच मॅचला त्यात आपलं गल्ली क्रिकेट घुसडलं. उंच उडालेल्या झेलाखाली दोघं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आपल्याकडे पोरं "माझा!" म्हणून ओरडतात ना, तसे हे बॉल असो नसो, ओरडत पळाले. समोरच्यांना मराठी कळत नव्हतं, पण आवाजातली खात्री कळली. सगळे भावजींकडे धावले, आणि इकडे नाकानो नावाचा दुसरा रिसीव्हर मोकळ्या मैदानात आरामात बॉल झेलून रेषेपार गेला.

मॅच संपल्यावर कुरोदा-सान गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कारान-सान, तुमचा आवाज ही टीमची ठेव आहे. आजपासून तुमच्याकडे बॉल फेकायचा नाही." भावजी कमरेत वाकले आणि "हाय" म्हणाले. जपानीत त्याचा अर्थ हो. घरी येऊन जेवले नाहीत म्हणे.

पुढे वर्षं गेली, टीम जिंकत गेली आणि भावजींची कीर्ती वाढत गेली. समोरच्या टीमचे लोक मॅचआधी येऊन त्यांच्यासोबत फोटो काढायचे. आमच्या टीमची नवी पोरं दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या गच्चीवर "माजा! माजा!" म्हणून घसा बसेस्तोवर सराव करायची. कुणाचाही आवाज तसा लागायचा नाही. एकदा एकाने विचारलं, "कारान-सान, गुपित काय?" भावजी म्हणाले, "गुपित कसलं? मला दर वेळी खरंच वाटतं, की ह्या वेळी येतोय." ते पोरगं मान डोलावत निघून गेलं.

सरावाचं म्हणाल तर भावजींनी सगळं ग्योतोकू मैदान करून टाकलं होतं. जळाऊ कचरा उचलायच्या दिवशी सकाळी ते पिशवी छातीशी धरून जिन्यातून सुटायचे. सायकलवाल्याला डावीकडून हुल, शाळेच्या पोरांना उजवीकडून हुल, आणि कावळ्यांपासून कचरा झाकणाऱ्या जाळीखाली पिशवी अशी अलगद टेकवायचे की कचऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या आजी टाळ्या वाजवायच्या. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नसलं तर त्याच आजी त्यांना परतही पाठवायच्या, ते निराळं. त्यांची लेक आर्या दप्तर घेऊन चार पावलं मागे चालत "पापा, यामेते!" म्हणून करवादायची. म्हणजे, बाबा, पुरे करा. ती कुणाची मुलगी आहे हे कळू नये म्हणून बिचारी मास्क लावून फिरायची.

एका रविवारी दुपारी ते मृणालने दिलेली पुरणपोळी घेऊन खाली आले. मी चहा टाकला. एकदम म्हणाले, "वहिनी, एक झेल हवा हो. एकच. मग पुण्याला गेलो तरी चालेल." मी म्हटलं, "अहो भावजी, तुमच्यामुळे टीम जिंकते, अजून काय हवं?" तर म्हणाले, "जिंकते, पण मी तिथे काय करतो? खोटं ओरडतो. एकदा तरी ते खरं होऊ दे." एवढा अवाढव्य माणूस, पण असा काही बसला होता, जसं पोराला पंगतीत वाढायचंच राहून गेलंय.

आणि खोटं ह्या माणसाला सहन व्हायचं नाही, विशेषतः झेलाच्या बाबतीत. एदो नदीच्या काठी आमच्या मराठी मंडळींचं क्रिकेट चालायचं. एकदा भावजींनी शेवटच्या बॉलवर मातीत लोळून झेल घेतला, नेहमीच्या सवयीने बॉल आभाळात भिरकावला, सगळ्यांनी त्यांना मिठ्या मारल्या. आणि हे उठून म्हणतात, "नाही, टप्पा पडला होता." कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! सामना गेला. माझा नवरा दोन आठवडे त्यांच्याशी धड बोलत नव्हता. भावजींचं आपलं एकच, "बाकी कशातही थापा मारा, पण झेल घेतला की नाही हे ज्याने घेतला त्यालाच माहीत असतं. तिथे खोटं बोललं की संपलं."

मग पुण्याच्या बदलीची ऑर्डर आली. शेवटची मॅच उरली होती आणि तीही अशी, की हरलो तर टीम खालच्या गटात, आणि खालच्या गटातल्या टीमवर कंपनी खर्च करणार नाही. म्हणजे टीमच बंद. तरीही कुरोदा-सान यांनी भावजींसाठी एक बॉल ठेवायचं ठरवलं. जपानी पद्धतीने ठरवलं, म्हणजे आधी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, मग त्या सगळ्यांची मीटिंग घेतली, मग वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. असा सगळ्यांच्या संमतीने मंजूर झालेला बॉल मी जन्मात पाहिला नव्हता. फक्त भावजींना सांगितलं नव्हतं.

मॅचला मी आणि मृणाल पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन गेलो होतो. शेवटची मिनिटं, आम्ही थोडक्यात मागे. भावजी नेहमीसारखे आभाळाकडे बघत ओरडत सुटले. एव्हाना त्यांची शेंडी लावायची रीत सगळ्या जपानला पाठ झाली होती. कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आख्ख्या कोपऱ्यात भावजी एकटे. आणि अहो, आभाळात बॉल होता! ते पळता पळता दचकले, मी शप्पथ सांगते. पण हात चुकले नाहीत. दोन्ही तळवे जोडून, छातीशी ओढून घेतला, तीन-चार पावलं नीट पळालेसुद्धा. रेषा समोर. मृणाल माझ्या दंडाला नखं रुतवून किंचाळली, "घेतला गं!"

आणि मग ह्या माणसाने बॉल आभाळात भिरकावला.

सवय हो! झेल घेतला, फलंदाज बाद, विषय संपला. आपल्याकडे पुढे काय करायचं असतं? उडवायचा आणि नाचायचं. भावजी दोन्ही हात पसरून नाचत होते, आणि मागून आलेल्या विरोधी खेळाडूने पडलेल्या बॉलवर झडप घातली.

आता नियम असा, की झेलून हातातून सुटला असेल तर बॉल ज्याने उचलला त्याचा, म्हणजे आम्ही हरलो. पण झेल झालाच नसेल तर बॉल परत आमचा, अजून एक संधी. झालं! पंच घोळका करून उभे राहिले. समोरच्या टीमचे सगळे जीव तोडून सांगायला लागले, की काय सुरेख झेल होता, असा झेल बघितला नाही. आणि आमचे कुरोदा-सान, सगळ्यांना विचारून तो बॉल मंजूर करणारे कुरोदा-सान, घामाघूम होऊन पंचांना सांगत होते, की नाही, नाही, कारान-सान यांनी झेललाच नाही. जन्मभर ज्या एका झेलाची वाट बघितली, त्याचं कौतुक फक्त शत्रू करत होते.

भावजींनी हेल्मेट काढलं. चालत पंचांपाशी गेले. कमरेत पार वाकले आणि म्हणाले, "ओतोशिमाशिता." म्हणजे, झेलताच आला नाही, पडला.

खेळाडूच्या सांगण्यावर निकाल देतात की नाही, देव जाणे. पण त्या वाकलेल्या माणसाकडे बघून पंचांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने हात आडवे हलवले. झेल नाही. पुढच्या वेळी भावजी पुन्हा ओरडत सुटले, आणि आता कोण विश्वास ठेवणार नाही? तिघं त्यांच्यावर धावून गेले. इकडे नाकानोने मोकळ्या मैदानात बॉल झेलला, रेषा ओलांडली, आम्ही जिंकलो. टीम वाचली.

निरोपाची पार्टी झाली. कुरोदा-सान उभे राहून भावजींची कारकीर्द सांगायला लागले. किती वर्षं खेळले, टीम किती वेळा जिंकली, प्रतिस्पर्धी कसे घाबरायचे. मग म्हणाले, "झेल, शून्य." हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला झेल, पण त्या दिवशी नाही म्हटलं म्हणजे आता सगळ्यांनी मिळून जन्मभर नाहीच म्हणायचं. नाकानो तर रुमालात तोंड लपवून हमसून हमसून रडत होता. मला राहवेना. मी हातातल्या पुरीसकट उभी राहिले आणि माझ्या मोडक्या जपानीत ओरडले, "खोटं आहे! पकडला होता!" माझा नवरा माझी ओढणी ओढतोय, मृणाल डोळे पुसतेय.

भावजी हसले. अगदी हळू म्हणाले, "वहिनी, बसा. निकाल लागलाय."

आता ते पुण्याला असतात. कुणी विचारलं तर सांगतात, खेळलो बरीच वर्षं, झेल काही मिळाला नाही. मृणाल त्यांच्याकडे बघते आणि गप्प बसते. मी कशाला गप्प बसू? मी कुठल्या टीमची नाही, मला कुणी वाकायला लावलेलं नाही. त्यांनी झेलला होता तो. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. मी बघितलाय.