छातीत मोजायचे टोले

ऑरिन टेश आमच्या शाळेच्या तळघरात बॉयलर सांभाळायचा आणि दर शनिवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला ढोल वाजवायचा. चौतीस वर्षं. त्याला ऐकू यायचं, आम्हाला नाही. ही बहिऱ्यांची शाळा. पण ऑरिनचे आईबाप दोघंही बहिरे, त्यामुळे तोंडानं बोलायच्या आधी तो हातांनी बोलायला शिकला होता. त्याच्या नावाची खूण होती छातीवर टेकवलेली मूठ.

ढोल ही कोच हॉस्टेटलरची करामत. ऐकणाऱ्या पोरांच्या शाळांत दर डावाला एक पोरगा आकडे ओरडतो, ठरलेल्या आकड्यावर चेंडू उचलला जातो आणि अख्खी रांग एकदम उसळते. एकजण जरी आधी हलला तरी पंच रुमाल फेकतो आणि संघ पाच यार्ड मागे जातो. आमची पोरं तिरकी मान करून चेंडू कधी हलतो ते बघत, आणि मान सरळ होईपर्यंत समोरचे अंगावर आलेले असत. एकोणपन्नास साली कोचनी बँडवाल्यांनी टाकून दिलेला छातीएवढा ढोल आणला आणि दोन चाकांच्या गाड्यावर बसवला. पोरांनी घोळक्यात आकडा ठरवायचा. मग कडेवरून सावकाश टोले पडत राहायचे. ते कानानं नाही, तळपायांनी आणि बरगड्यांनी मोजायचे. आठही पोरं एका अंगासारखी उठायची. नेब्रास्का राज्यभरचे कोच वह्या घेऊन बघायला यायचे.

कोच स्वतः बहिरे. ढोलासाठी त्यांनी बॉयलरवाल्यालाच का निवडलं, हे ते सगळ्यांदेखत सांगायचे.

"ऐकू येतं हा याचा दोष, पण हा ऐकत कोणाचंच नाही. मला असाच माणूस हवा होता."

यावर ऑरिन दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या जगात त्याचं कोणी नव्हतं, आणि आमच्यात तो पाहुणाच. दोहोंच्या मधे त्या ढोलापुरती जागा होती. तेवढ्यावर तो जगला.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये कोच वारले. ऑगस्टमध्ये ऑरिन माझ्याकडे आपले सदरे घेऊन आला. मी शाळेत शिवणकाम शिकवते, पोरांचे खेळाचे कपडे सांधते.

"बर्निस, यांची बटणं काढ. दाबून लागणारी लाव."

"का? म्हातारपणी फॅशन सुचली?"

"लाव म्हटलं ना."

तेव्हा मला त्याचा उजवा हात दिसला. मांडीवर ठेवलेला, आणि आत काहीतरी अडकून फडफडत असल्यासारखा हलणारा. डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. त्याला एवढंच कळलं होतं, की हे वाढत जाणार.

"डेलला सांगू नकोस," तो म्हणाला.

डेल रस्कॅम्प नवा कोच. आमचाच जुना विद्यार्थी, कोचचा लाडका. पण सांगायची गरजच पडली नाही. पहिल्याच सामन्यात दांडा चामड्यावर एकदा पडून थरथरत पुन्हा टेकला. निम्म्या पोरांच्या छातीत दोन टोले, निम्म्यांच्या एक. निम्मी रांग उठली, निम्मी खाली. पंचाचा रुमाल. असं तीनदा झालं. सामना गेला.

सोमवारी जेवणघरात डेलनं जमिनीवर पाय आपटून ऑरिनला बोलावलं. मी समोरच चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल खात होते. बहिऱ्यांच्या जेवणघरात गुपित राहत नाही, हात सगळ्यांना दिसतात.

"दाखवा हात," डेल म्हणाला.

ऑरिननं हात खिशात घातला.

"ऑरिन, मी त्याच ढोलावर खेळलोय. पण कोचनी तो आणला तेव्हा तो नवा होता. आज ते असते तर त्यांनीच तो फेकला असता. त्यांना जुनं चालायचंच नाही."

"त्यांच्या नावानं बोलू नकोस. त्यांचं मागे काय उरलंय? शाळेच्या दारात बसवलेला तो पुतळा? त्याचं तर नाकसुद्धा त्यांचं नाही."

शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली.

"एवढा मोसम दे मला," ऑरिन म्हणाला. डाव्या हातानं म्हणाला. उजवा खिशातच होता.

डेलनं बोट वर केलं. "पुन्हा ढोलामुळे रुमाल पडला, तर ढोल बक्षिसांच्या काचेच्या कपाटात. कबूल?"

"कबूल."

मग सुरू झालं ते मला आठवायला नको वाटतं. पहाटे बॉयलरचं गरम पाणी बादलीत काढून तो कोपरापर्यंत हात बुडवायचा, कातडी लाल होईतो. कॉफी सोडली. मी मनगटाला घट्ट पट्टा शिवून दिला, त्यात शिशाच्या गोळ्या भरल्या. तळघरात उशीवर टोले मारायचा आणि मला पुढे उभी करायचा. "एक की दोन? खरं सांग." मी उशीला तळवा लावून सांगायची, "दोन." तो पुन्हा मारायचा. "दोन." पुन्हा. एकदा त्यानं तोच हात दारात धरून दार लोटलं. बोटं सुजली, पण थरथर थांबली नाही.

आणि तरी पुढच्या शनिवारी रुमाल पडला नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. सबंध ऑक्टोबरात एकदाही नाही. ऑरिन हसायला लागला. "हात आला वळणावर," म्हणाला. मी मान डोलावली. दांडा अधूनमधून दोनदा टेकत होता, मला कडेला उभं राहून पोटात कळत होतं. पण रांग बिघडत नव्हती, आणि जे बिघडत नाही त्यात मी बोट घालत नाही.

शेवटचा सामना ऐकणाऱ्या शाळेशी, आमच्याच मैदानावर. चार मिनिटं उरली होती, आम्ही दोन गुणांनी मागे. पोरं घोळका मोडून ओळीत वाकली. ऑरिननं दांडा उचलला. तो वरच राहिला. हात खांद्यापासून गोठला होता. त्यानं डाव्या हातानं कोपर खाली ओढलं, दात आवळले, मानेच्या शिरा ताठल्या. एकही टोला पडला नाही.

आणि आमची आठही पोरं एकदम उठली.

एका अंगासारखी. अकरा यार्ड पुढे गेली.

ऑरिन माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"बर्निस."

"शप्पथ, नाही."

त्याचा विश्वास बसला नाही. तो कधीच बसला नाही, हे इथे सांगून टाकते. राखीव खेळाडूंत वेंडेल नावाचा पोरगा होता, त्याला मी खांद्याला धरून फिरवलं.

"कशावर उठता तुम्ही?"

तो आधी ऑरिनकडे, मग बुटांकडे बघू लागला. "चेंडूवर. डोळ्याच्या कोपऱ्यातून, मान न वळवता. डेलनी शिकवलं, सप्टेंबरात, जिममध्ये." मग आम्ही कुजबुजतो तसे हात छातीशी लहान करून, "ऑरिनला कोण सांगणार? ठरलं होतं, म्हातारा मारतोय तर मारू दे."

ऑरिनला हात लांबूनही वाचता यायचे.

पुढच्या डावाला हात मोकळा झाला होता. त्यानं मनगटाचा पट्टा सोडून गवतात टाकला आणि हात जसा हलतो तसा हलू दिला. पाच टोले, सहा, मग नुसती खडखड, गारा पडाव्यात तशी. त्या थडथडाटात मोजण्यासारखं काहीही नव्हतं. माझ्या बरगड्यांत ते सगळं शिरत होतं. तो पोरांकडे बघत मारत होता. एकानं तरी चुकावं. एकानं तरी. पण रांग हलली नाही. चेंडू हलला तेव्हा आठजण उठले, तिसऱ्या डावात चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि आम्ही जिंकलो.

ऐकणाऱ्यांचा कोच, टोपी हातात घेतलेला जाडजूड माणूस, थेट ढोलापाशी आला. दुभाष्या लागला की या शाळेत ऑरिनलाच पुढे करतात. डेल आणि मी उभे राहिलो. तो माणूस बराच वेळ बोलला. ऑरिनचे हात चालू लागले. उजवा इतका कापत होता की प्रत्येक शब्दाला शेपूट फुटत होतं.

"म्हणतोय, तीस वर्षांत असं पाहिलं नाही. म्हणतोय, शेवटी शेवटी टोले असे वेडेवाकडे पाडले की त्याच्या पोरांची डोकी फिरली, आणि तुमची जागची हलली नाहीत. म्हणतोय, हॉस्टेटलर मागे काय ठेवून गेलाय ते आज कळलं." ऑरिननं पुढचंही सांगितलं. काही गाळलं नाही. "म्हणतोय, हा ढोल कधी सोडू नका."

डेलचा चेहरा उतरला. त्यानं ऑरिनकडे न बघता हात उचलले. "सांगा त्याला. नाही सोडणार."

ऑरिन त्या माणसाकडे वळला. त्याचे ओठ मला चौतीस वर्षांच्या सवयीनं वाचता येतात. त्यानं ‘नाही सोडणार’ हे जसंच्या तसं, तोंड मोठं उघडून सांगितलं.