रस्त्यापलीकडून ऐकलेला ओतोनिएल

आमच्या गल्लीचा चढ असा आहे, की वरच्या टोकाला टरबूज सोडलं तर ते खालच्या चर्चमध्ये जाऊन पहिल्या बाकावर बसेल. या चढावर ओतोनिएल प्राडो कित्येक वर्षं लोकांना गाडी शिकवतो. अर्ध्या बेलो होरिझोंते शहराने त्याच्या शेजारी बसून घाम गाळलाय. शिकणारा घाबरला की ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी बोंबलते आणि मागे घसरते. ओतोनिएल मात्र पाय पोटाशी घेतलेल्या मांजरासारखा शांत. "पाय उचल. गाडी आवाजाने चढत नाही," एवढंच सांगतो.

हा शांत माणूस शनिवारी संध्याकाळी काळा शर्ट घालून स्वतःच्या गॅरेजमध्ये शिरला, की सगळी शांतता संपायची. तिथे त्याचा हेवी मेटल बँड, 'काळी ऐरण'. ड्रमवर मार्लूसियो, पेशाने खाटीक. बास गिटारवर ओतोनिएलचा मेहुणा. गायला वांदेरले, जो दिवसा औषधाच्या दुकानात हळू आवाजात खोकल्याचं औषध देतो. आणि गिटारवर ओतोनिएल, पाठीशी जमिनीवर बुटक्या कपाटासारखा अँप्लिफायर. त्याचे नॉब कसे ठेवायचे हे त्याने मिसरूड फुटलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं: आवाज खरखरीत करणारा गेन दहावर, खालच्या सुरांचा बेस दहावर, वरच्या सुरांचा ट्रेबल दहावर आणि मधल्या सुरांचा मिडल शून्यावर. मिडल हे लग्नात वाजवणाऱ्यांसाठी असतं, असं त्याचं ठाम मत.

माझा बार त्या गॅरेजच्या बरोबर समोर. त्यामुळे मी अधिकाराने सांगू शकतो, की ओतोनिएल एकटा वाजवायचा तेव्हा आभाळ फाटल्यासारखं भव्य वाटायचं. पण ड्रम आणि बास सुरू झाले की त्याची गिटार नाहीशी व्हायची. उरायची ती सायलेन्सर गेलेल्या ट्रकची घरघर. माझी गिऱ्हाइकं बिअर ओतता ओतता म्हणायची, आज ओतोनिएलने ट्रक लवकर काढला. त्याच्या तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. आम्ही ब्राझीलच्या मिनास प्रांतातली माणसं, आडून बोलणारी. कसं झालं म्हणून त्याने विचारलं, की आम्ही थोडा विचार करून सांगायचो, "जोरात झालं."

बँडला तीस वर्षं होत होती आणि चौकात कार्यक्रम ठरला होता. त्याआधीच्या एका रविवारी वांदेरले ओतोनिएलकडे कॉफीला आला. हवेबद्दल बोलला, सासूच्या मोतीबिंदूबद्दल बोलला, चीजच्या गरम पावांची तारीफ करत चार पाव खाल्ले. मग कपाकडे बघत म्हणाला, की गिटारवर त्या जार्डेलला बोलवावं का? तरुण आहे, आवाज बांधीव आहे त्याचा. म्हणजे ओतोनिएलच्या खांद्याला जरा आराम.

ओतोनिएलचा खांदा ठणठणीत होता. पण तो मिनासमध्ये जन्मलेला असल्यामुळे त्याला सगळं कळलं. तीस वर्षांचा बँड, त्याच्याच गॅरेजमधला, आणि चौकात तो टाळ्या वाजवायला उभा. त्याने शनिवारच्या तालमीपर्यंत वेळ मागितला.

"बघू," वांदेरले म्हणाला. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो.

सोमवारी ओतोनिएलने जिद्दीने कामाला सुरुवात केली, आणि चुकीच्याच बाजूने. गेन दहाच्या पुढे जात नाही, म्हणून त्याने गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचं एक छोटं हिरवं पेडल आणलं आणि त्याच्यावरचा ड्राइव्ह, म्हणजे आणखी खरखर, तोसुद्धा पूर्ण फिरवला. आता अँप कुणी हात लावला नाही तरी शिट्ट्या मारू लागला. गल्लीतली कुत्री उत्तरं देऊ लागली. त्याची बायको एदिलामार आत इस्त्री करत होती. ती इस्त्री उभी करून बाहेर आली.

"ओतो, गाडी शिकणाऱ्या पोरांना चढावर काय सांगतोस रे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आणि उभा कुठे राहतोस ते बघ. अँप तुझ्या गुडघ्याशी, कान वर. तुझ्या गुडघ्यांना फार छान ऐकू येत असेल. आम्हाला नाही येत."

तिचं माहेर रिओचं असल्यामुळे तिला असं बोलता येतं.  मंगळवारी ओतोनिएल माझ्या काउंटरवर येऊन बसला आणि इथून नक्की काय ऐकू येतं म्हणून विचारलं. मी सवयीने म्हणालो, जोरात येतं. त्याने ग्लास बाजूला सारला. "ते नको. मला खरं ऐकायचंय." मी म्हटलं, मग इथेच येऊन ऐक.

त्याने ते शब्दशः घेतलं. बुधवारी चार वायरी एकमेकींना जोडून तो गिटार गळ्यात घालून गॅरेजमधून निघाला, रस्ता ओलांडला आणि माझ्या दारात उभा राहिला. आत मार्लूसियो आणि मेहुणा वाजवू लागले. वांदेरलेला मुद्दाम कळवलं नव्हतं. अँपपाशी एदिलामार. वायर रस्त्यावर आडवी पडलेली, म्हणून गॅसच्या टाक्यांचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि वाकून बघू लागला.

ओतोनिएल वाजवू लागला. थोड्या वेळाने त्याने वाजवता वाजवताच खाली आपल्या हाताकडे बघितलं, हात खरंच हलतोय ना याची खात्री करायला. ड्रम ऐकू येत होते, बास ऐकू येत होता. तो स्वतः कुठेच नव्हता, नुसती घरघर. असा चेहरा मी फक्त आपल्याच फोटोत आपलं टक्कल पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा पाहिलाय.

मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि बायकोला हाताने खूण केली: मिडल वर. त्याला हे किती जड गेलं ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं. मिडल दोनवर, चारवर, सहावर. घरघरीतून गिटारचं डोकं वर आलं. बेस खाली, अजून खाली. ती जागा मेहुण्याची होती, ती त्याला परत मिळाली. गेनला हात लावायची खूण मात्र तो करेना. एदिलामारने वाट बघितली आणि वरणातलं मीठ ठरवावं तशी स्वतःच्या हिमतीने गेन अर्ध्याखाली आणला. हिरव्या पेडलचा ड्राइव्ह तिने पार शून्यावर नेला आणि फक्त त्याच्या आवाजाची पातळी पूर्ण वर ठेवली.

आणि आवाज बांधला गेला. तळहाताची कड तारांवर टेकवून त्याने ठोका दिला, की आवाज मार्लूसियोच्या सुऱ्यासारखा लाकडावर पडायचा आणि तिथेच थांबायचा. दोन ठोक्यांच्या मध्ये चक्क शांतता होती. माझी गिऱ्हाइकं बोलायची थांबली.

गॅसवाला साओ पाउलोचा होता, त्याला आमचे रीतिरिवाज ठाऊक नव्हते. "मस्त," तो म्हणाला. "आता कळतं. दर तिसऱ्या ठोक्याला तुमचा हात मागे पडतो."

बारमध्ये सगळे आपापल्या ग्लासात बघू लागले. ओतोनिएलने पुन्हा वाजवलं, लक्ष देऊन ऐकलं. हात मागे पडत होता. इतकी वर्षं त्या घरघरीच्या गोधडीखाली तो निवांत मागे पडत आला होता. दुसरा कुणी असता तर गेन परत दहावर नेऊन गोधडी ओढून घेतली असती. ओतोनिएलने गॅसवाल्याला हात जोडले, वायरी गुंडाळल्या आणि गॅरेजचं दार लावून घेतलं.

पुढचे दोन दिवस त्याने तो एकच तुकडा वाजवला, पाळणा म्हणावा इतक्या संथपणे, मग थोडा वेग वाढवून, चुकला की पुन्हा संथ. शिकवणीच्या गाडीतही त्याचा उजवा हात मांडीवर ठोके देत असायचा. एक निवृत्त न्यायाधीशबाई त्याच तालात गिअर बदलायला शिकल्या आणि परीक्षेत पास झाल्या.

शनिवारी वांदेरले आला. बरोबर जार्डेल, "सहज इकडून चाललो होतो" म्हणत, पाठीवर गिटार. ओतोनिएलने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि अँपसमोर गुडघे टेकून कान लावून बसला, मग उठला. पहिलं गाणं सुरू झालं. त्याचा हात एकदाही मागे पडला नाही. वांदेरले दुसऱ्या कडव्यात शब्द विसरला, कारण त्याने आजवर कधी ओतोनिएलची गिटार ऐकलीच नव्हती.

मध्येच ठोके विस्कटले. सगळे थांबले. चूक इतकी स्वच्छ ऐकू आली होती, की कुणाची ते विचारायची गरज नव्हती.

"मी चुकलो," मार्लूसियो म्हणाला. त्याने कपाळ पुसलं. "तुझ्या त्या घरघरीत मला कधी कळलंच नाही. पुन्हा घे. हळू."

वांदेरलेने घसा साफ केला. हवेबद्दल काहीतरी बोलला. मग जार्डेलकडे न बघता म्हणाला, "चौकात ये हो त्या दिवशी. पुढच्या रांगेत जागा ठेवतो तुझ्यासाठी."

जार्डेलने मान डोलावली आणि ओतोनिएलला गेन कितीवर ठेवलाय म्हणून विचारलं.

एदिलामार आतून नखांची लाल पॉलिश घेऊन आली आणि प्रत्येक नॉबच्या टोकाशी अँपवर एकेक ठिपका दिला, नॉब हलला तर कळावं म्हणून. ओतोनिएल बघत राहिला. मिडल थोडासा, अगदी थोडासा कमी केला तर, असं त्याने म्हणून पाहिलं.

"हात लावून दाखव," ती म्हणाली.

त्याने हात गिटारच्या तारांवर ठेवला आणि मार्लूसियोसाठी तुकडा पहिल्यापासून, पाळण्याइतका संथ, सुरू केला.